ज्ञानेश्वरीनं न पुसलेलं नाणं

गंगाखेडच्या सराफ्यात योगीराज दहिवाळचं दुकान ओळखायला सोपं होतं. आजूबाजूला काचेमागं सोनं झगमगायचं, याच्या काचेमागं काहीच नसायचं. एक टेबल, त्यावर मान वाकवणारा दिवा, काळ्या मखमलीचा तुकडा आणि डोळ्याला लावायचं भिंग, एवढाच पसारा. बाप सोनार, आजा सोनार. हाही पंचवीस वर्षं जोडवी आणि डोरली घडवत बसला होता. पण मोडीत आलेली जुनी नाणी मुशीत टाकायच्या आधी तो ती उजेडात फिरवून बघायचा, आणि बघता बघता त्या नाण्यांनीच त्याला धरलं. दागिन्यांचं काम सुटलं. नांदेड, लातूर, पार संभाजीनगरची नाणी जमवणारी माणसं त्याच्याकडं येऊ लागली. "योगीराजनं बघितलंय का?" एवढं विचारून मग सौदे ठरायचे.

त्याची नजर खरी चालायची ती प्रूफ नाण्यांवर. प्रूफ म्हणजे टांकसाळीनं बाजारात चालवायला न काढता, जपून ठेवण्यासाठी खास पाडलेलं नाणं. त्याची मोकळी जमीन आरशासारखी असते आणि चित्र त्यावर सायीसारखं पांढुरकं उठून दिसतं. अशा आरशावर काही लपत नाही. डबीत आपटून पडलेला ठोक वेगळा दिसतो, वयानं चढलेला पिवळट-निळसर रंग वेगळा, आणि कुणी फडक्यानं पुसल्यावर उमटलेल्या केसासारख्या रेघा वेगळ्या. रंग चढला म्हणून नाण्याचा दर्जा उतरत नाही. ठोकानं थोडं उतरतं. पण पुसलेलं नाणं कायमचं उतरतं, कारण ती रेघ परत निघत नाही. योगीराज येईल त्याला सांगायचा, "धूळ राहू द्या, डाग राहू द्या, पण पुसू नका. नाण्याचं जास्तीत जास्त वाटोळं स्वच्छ माणसांनी केलंय." माणसं हसायची आणि लक्षात ठेवायची.

दोन वर्षांमागं, भाद्रपद सरत आला असताना, राणीसावरगावची कडूबाई सुनेला घेऊन त्याच्या दुकानात आली. साठीची बाई, कपाळाला मोठं कुंकू, बोलणं खडखडीत. सून ज्ञानेश्वरी पंचविशीची, पायरीवर चप्पल नीट जोडून ठेवून आत आलेली. कडूबाईनं पिशवीतून एक निळी डबी काढून टेबलावर ठेवली.

"आमचे सासरे रामहरी. त्यांच्या ज्वारीला तालुक्यात पहिला नंबर आला व्हता एका साली. तव्हा एका सायबानं खुश होऊन ही दिली. तव्हापून देव्हाऱ्यात हाय. बघा बरं, काय येतंय का हिचं."

योगीराजनं हातमोजे चढवले आणि डबी उघडली. आत १९७० सालचं दहा रुपयांचं चांदीचं नाणं होतं. मधे कमळ, बाजूनं धान्याची कणसं, 'सबके लिए अन्न' अशी अक्षरं. डबीचं प्लास्टिकचं झाकण तडकलं होतं. त्यानं नाणं फक्त कडेनं, दोन बोटांत धरून बाहेर काढलं आणि दिव्याखाली हळूहळू कलतं केलं. काठाला सोनेरी रंग धरला होता. मोकळी जमीन काळ्या पाण्यासारखी खोल, तिच्यात त्याला स्वतःची पापणी दिसली. पन्नास वर्षं देव्हाऱ्यात राहिलेलं नाणं इतकं अस्पर्श त्यानं क्वचितच पाहिलं होतं.

रिवाजाप्रमाणं त्यानं मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि संभाजीनगरच्या आदिनाथला पाठवले. आदिनाथ कापडाचा व्यापारी. हे नाणं तो कितीतरी वर्षं शोधत होता. योगीराजनं खाली दर्ज्याचे गुण लिहिले, "जमीन निर्मळ. सत्तरपैकी सहासष्टच्या खाली देणार नाही." चहा यायच्या आत उत्तर आलं, "दुसऱ्याला दाखवू नका. माझं आहे."

त्यानं किंमत सांगितली तशी कडूबाईनं सुनेकडं बघितलं. सुनेनंच विचारलं, "काका, तेवढ्यात पिको-फॉलची मशीन येती का?"

"मशीन येईल, वर दोऱ्याची रिळंही येतील."

"मंग औंदा ही ऊसतोडीला जायाची न्हाई," कडूबाई म्हणाली. "लय शिवतीय चांगली. गावात एकाकडं बी मशीन न्हाई पिकोची. माझा पोरगा बजरंग जाईल एकटा, नाहीतर भावकीतला कुणी जोडीदार घेईल."

दोघी मशीन कुठं ठेवायची ते बोलू लागल्या. ज्ञानेश्वरी खिडकीपाशी म्हणत होती, कडूबाईला ओसरी बरी वाटत होती, येणारीजाणारी बाई बघंल तरी. योगीराजला त्यांचं बोलणं ऐकून मोठं बरं वाटलं. आपल्या नजरेमुळं एका घरात मशीन येणार या खुशीत तोही बोलू लागला. प्रूफ नाणं कसं पाडतात, त्याचे ठसे कसे घासतात, त्याला हात का लावायचा नाही. नाणं त्यानं परत बोटांत धरलं होतं. बोलता बोलता थुंकीचा एक थेंब, मोहरीहून लहान, डाव्या बाजूला काठालगतच्या मोकळ्या जमिनीवर पडला.

नाण्यावर वाकून बोलू नये, हे तोच लोकांना शिकवायचा. थेंब पडलाच तर काय करायचं, तेही त्याला पाठ होतं. नाणं शुद्ध पाण्यात बुडवायचं आणि आपोआप सुकू द्यायचं. पण पंचवीस वर्षं दागिन्यांना जिल्हई दिलेला हात डोक्याच्या आधी हलला. मांडीवर फडकं होतं. फडक्यासकट अंगठा थेंबावरून एकदा फिरला, एकदाच.

त्यानं नाणं दिव्याखाली धरलं. आरशात पंधरा-वीस रेघा उमटल्या होत्या, सगळ्या एकाच दिशेनं, नांगरटीच्या तासांसारख्या. तो ज्या रेघांसाठी दुसऱ्यांची नाणी उतरवत आला होता, तशाच.

दोघींनी काही पाहिलं नव्हतं. खिडकी की ओसरी, हेच त्यांचं अजून चाललं होतं. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं, माझ्या हातून पुसलं गेलं. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण डोळ्यांपुढं आदिनाथ आला, संभाजीनगरच्या नाण्यांच्या प्रदर्शनात आपलं भाषण ऐकणारी माणसं आली, आणि त्याच्या कानांना दुसरंच वाक्य ऐकू आलं. ते तोच बोलत होता.

"थांबा जरा. हे कोणी तरी पुसलेलं दिसतंय."

"पुसलेलं म्हंजी?" कडूबाईनं विचारलं.

"फडक्यानं, पदरानं. बारीक रेघा आहेत. मघाशी उजेड तिरका नव्हता, दिसल्या नाहीत."

कडूबाई सुनेकडं वळली. "दसऱ्याला तूच काढली व्हतीस ना डबी पूजेला?"

"मी वरून डबी पुसली व्हती, आत्याबाई. उघडली न्हाई."

"मंग रेघा काय उंदरानं वढल्या?"

ज्ञानेश्वरीनं योगीराजकडं पाहिलं. राग नव्हता तिच्या नजरेत. जाणत्या माणसाला विचारावं तसं तिनं विचारलं, "काका, नुसतं पदरानं पुसलं तरी व्हतंय का असं?"

मागं फिरायला अजून वाट होती. "होतं," योगीराज म्हणाला.

ती दसरा आठवू लागली असावी. कपाळावर आठी आली, ओठ जरासे हलले. मग खाली बघत म्हणाली, "उघडली बी असंल मंग. ध्यानात न्हाई."

आता नाण्याची किंमत तिसऱ्या हिश्श्यावर आली होती. त्यात मशीन बसत नव्हती. योगीराजनं रेघांचाही फोटो काढून घेतला, कडूबाईनं डबी पिशवीत टाकली आणि दोघी उतरून गेल्या. ज्ञानेश्वरी सासूच्या मागं चार पावलं राहून चालत होती.

संध्याकाळी योगीराजनं रेघा उमटल्यानंतरचा फोटो आदिनाथला पाठवला. सोबत लिहिलं, पहिल्या फोटोत उजेड फसवा होता. आदिनाथचा फोन आला.

"दादा, तुम्हाला उजेडानं फसवलं? आणि या रेघा ताज्या वाटतात हो. जुन्या असत्या तर रेघांच्या आत रंग चढला असता. इथं तर पुसल्या जागेचा रंगच गेलाय."

"गेल्या दसऱ्याच्या असतील," योगीराज म्हणाला. हे त्या दिवसातलं शेवटचं खोटं. शेवटच्याला पहिल्याइतके कष्ट पडले नाहीत, याचंच त्याला पुढं जास्त वाईट वाटत राहिलं.

त्यानंतर त्याचं कामात मन लागेना. भिंगातून कुठल्याही नाण्याकडं बघितलं की आधी रेघाच दिसायच्या. एका गिऱ्हाइकाचं चांगलं नाणं त्यानं उगीच उतरवलं, दुसऱ्या दिवशी बोलावून चढवलं. बायको रेणुकानं दोनदा विचारलं, काय होतंय. तो पित्त म्हणाला. पहिला फोटो मोबाइलमध्ये होता. तो काढून टाकायला त्यानं कितीदा बोट नेलं, आणि कितीदा मागं घेतलं. ती जमीन पुन्हा इतकी निर्मळ कुठं दिसणार नव्हती, आणि ज्ञानेश्वरीच्या बाजूनं बोलणारं जगात तेवढंच होतं.

दसऱ्यानंतर त्यानं एक उपाय काढला. खरं सांगायचं नाही, पण नुकसान भरून द्यायचं. मोटारसायकल काढून तो राणीसावरगावला गेला. कडूबाईच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता. बजरंग ट्रॉलीत पाचटाच्या झोपडीसाठी बांबू आणि ताडपत्री भरायलाय, ज्ञानेश्वरी पातेली पोत्यात घालायलीय, असा सगळा निघायचा घोळ चालला होता. योगीराज ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "कडूबाई, मी परत विचार केला. ते नाणं मीच घेतो. आधी सांगितलेल्या किमतीला."

कडूबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. "डागाचं नाणं बिनडागाच्या किमतीला? ते कामून?"

"तुमची अडचण आहे म्हणून."

"अडचण हाय, पर आमी कुणाम्होरं हात पसरला न्हाई. तुमचा इमानाचा धंदा हाय, दादा. तुमी म्हनलाव उतरलं, म्हंजी उतरलं. दयेचं नगं."

इमान हा शब्द ऐकून त्यानं नजर ट्रॅक्टरकडं वळवली. बजरंग ट्रॉलीवरून खाली न बघताच म्हणाला, "मशीन घरात आल्यागतच व्हती. हिच्या हातानं गेली." ज्ञानेश्वरीनं पोत्याचं तोंड आवळलं आणि सुतळीची गाठ मारली. योगीराजनं चहा अर्धा ठेवला आणि निघाला. देवगाव फाट्याकडं एक काम आहे, असं काहीतरी तो पुटपुटला. देवगाव फाटा पार उलट्या अंगाला, सेलूकडं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

संक्रांत झाल्यावर आठवडी बाजारात कडूबाई भेटली. तीळ घेऊन एसटी स्टँडकडं निघाली होती. योगीराजनंच थांबवून पोराची, सुनेची खुशाली विचारली.

"बजरंग बरा हाय. सांगली जिल्ह्यात हायत, कारखान्याच्या तळावर. ही पोरगी मात्र..." ती पिशवी खाली ठेवून बोलू लागली. "दिवाळीला मी फोन केला तव्हा बजरंग तिला कायतरी टाकून बोलला, मला ऐकू आलं. आता ती कशालाच हात लावत न्हाई बगा. जायच्या आधी देवाची पूजा बी माझ्याकडंच दिली. म्हणली, आत्याबाई, माझ्या ध्यानात राहत न्हाई मी काय करती ते, माझ्या हातून परत कायतरी जाईल. पंचविशीच्या बाईनं असं बोलावं का? मला बी वाटतंय आता, उगाच बोलले तिला त्या दिवशी. एक नाणं तर व्हतं."

योगीराजला एवढं कळलं होतं की ज्ञानेश्वरीला बोलणी बसत असतील. पण तिचा स्वतःच्या आठवणीवरचाच भरवसा त्यानं काढून घेतला होता, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं डबी उघडली नव्हती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या एका 'होतं'नं तिनं आपलंच खरं सोडून दिलं होतं.

"कडूबाई," तो म्हणाला, "ते नाणं मी पुसलं."

आजूबाजूला गाड्यांचा गलका होता. तिला ऐकू गेलं नसावं असं वाटून त्यानं पुन्हा सांगितलं. थेंब पडला ते, फडकं ते, सगळं. मोबाइल काढून दोन्ही फोटो दाखवले. कडूबाईला फोटोतलं काही उमगलं नाही, पण माणसाचं तोंड तिला वाचता येत होतं. तिनं खालची पिशवी उचलली.

"आन तुमी त्या दिशी दयेचा आव आणून माझ्या दारात आलाव," ती म्हणाली. "मला कशाला सांगताव? मी काय भोगलं? जिला भोगायला लावलं तिला सांगा. आन फोनवर न्हाई."

तिची एसटी लागली होती. ती गेली.

दोन दिवसांनी योगीराज निघाला. रेणुकाला त्यानं सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पित्त म्हणत होतात." एक रेल्वे, दोन एसट्या आणि शेवटी उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरवर बसून तो दुसऱ्या दिवशी दुपारी फडात पोहोचला. टोळीची माणसं जेवायला बसली होती. भाकरी, ठेचा, कांदा. ज्ञानेश्वरीच्या हातांवर पाचटाचे ओरखडे होते, डोक्याला बजरंगचा जुना शर्ट बांधला होता. सराफ्यातला माणूस इथं बघून ती उभीच राहिली.

"आत्याबाईला काय झालं?"

"त्यांना काही नाही. मी तुझ्याकडं आलोय."

त्यानं वाटेत पुष्कळ शब्द जुळवले होते. त्यातला एकही आठवेना. त्यानं मोबाइल तिच्या हातात दिला.

"हा फोटो तू दुकानात आलीस तेव्हाचा. हा अर्ध्या तासानंतरचा. मधल्या वेळात नाणं माझ्या हातात होतं. ते माझ्याकडून पुसलं गेलं. तू डबी उघडली नव्हतीस. तू खरं सांगितलंस आणि मी खोटं."

ज्ञानेश्वरी मांडी घालून खाली बसली. पहिला फोटो तिनं बोटांनी मोठा केला, डावीकडं सरकवला, मग दुसरा, मग परत पहिला. ऊन पडद्यावर चमकत होतं म्हणून पदराची सावली केली. शेवटी म्हणाली, "म्हंजी उघडली न्हवती मी."

"नाही."

"मला वाटायलं व्हतं तसंच. झाकणाला तडा गेलता, उघडलं तर तुकडा पडंल म्हणून मी हातच लावला न्हवता. इतकं ध्यानात व्हतं मला. तुमी म्हनलाव होतंय, तव्हा मला वाटलं, एवढा जाणता माणूस सांगतोय तर आपलंच डोकं फिरलं असंल."

योगीराजनं मान खाली घातली. माफी मागायला तो तोंड उघडत होता, पण तिनं हात वर करून थांबवलं.

"मला नगा सांगू आता. ह्यांना सांगा. सगळ्यांला. माझ्याबद्दल समद्यांला ठाव झालंय."

तेव्हा योगीराज उभा राहिला आणि टोळीतल्या चौदा-पंधरा माणसांपुढं, त्यांच्या भाकरीचे घास हातात असताना, त्यानं पुन्हा सगळं सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "एवढ्यासाठी इतक्या लांब आलाव?" कुणी हसलं नाही. बजरंग उठून पाण्याच्या ड्रमकडं गेला, तांब्या भरला, पण प्यायला नाही. तो आणून त्यानं ज्ञानेश्वरीच्या पुढ्यात ठेवला. तिनं तांब्याकडं बघितलं नाही. नवऱ्यानंही बोलून दाखवायचं होतं. ते त्याला अजून जमत नव्हतं.

"नाणं आता घ्या," ती योगीराजला म्हणाली. "आधीच्या किमतीला. आत्याबाई न्हाई म्हणल्या तव्हा दया व्हती. आता ती भरपाई हाय. आन मशीन आत्ताच आणून ठेवा घरी. आमी पाडव्याला येऊ."

तो परत आला. मशीन राणीसावरगावला नेऊन खिडकीपाशी ठेवली. कडूबाईनं ओसरी सांगितली नाही. नाणी जमवणाऱ्यांच्या मोबाइलवरच्या गटात त्यानं दोन्ही फोटो टाकले आणि काय घडलं ते लिहिलं, आपण आदिनाथला खोटं सांगितलं हेही लिहिलं. आदिनाथनं फोन करून म्हटलं, "दादा, हे लिहायची गरज नव्हती." पण त्यानंतर त्याचीही नाणी कमी येऊ लागली. काही माणसं अजून येतात. योगीराज त्यांना आधी समोर बसवतो, नाणं बाहेर काढल्यापासून डबीत जाईपर्यंत त्यांनी डोळा हलवू नये असं सांगतो, आणि तेवढा वेळ एक शब्द बोलत नाही.

ज्ञानेश्वरी पाडव्याला आली ती परत ऊसतोडीला गेली नाही. तिचं काम चांगलं चाललंय म्हणतात, आसपासच्या चार गावांच्या साड्या तिच्याकडं येतात. महिन्यातून एकदा ती दोऱ्याला, अस्तराला गंगाखेडला येते. वाट सराफ्यातूनच जाते. योगीराज दारात दिसला तर ती थांबते, "बरं हाय का, काका," म्हणते. तो आत ये म्हणतो, चहा घे म्हणतो. ती गाडीला उशीर व्हतोय म्हणून पुढं जाते. त्या गाडीला अजून दीड तास असतो, हे दोघांनाही ठाऊक असतं.